डॉक्टरचं गुपित वकिलाच्या गुपितासारखं नसतं

‘डॉक्टरला कोर्टातही पेशंटबद्दल बोलायला लावता येत नाही, वकिलासारखंच असतं ते.’ भारतात हे साफ चूक आहे, आणि हे ठासून सांगणाऱ्यांत डॉक्टरही असतात.

वकिलाचं सगळ्यांना ठाऊक आहे. अशिलाने व्यवसायाच्या नात्याने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 132 तसं सांगतं. बेकायदा हेतूने झालेलं बोलणं अपवाद. पुढे जाऊ.

या कायद्यात डॉक्टरसाठी असं कलमच नाही. 1872 च्या जुन्या कायद्यातही नव्हतं. डॉक्टरची गोपनीयता येते ती मुख्यतः 2002 च्या व्यावसायिक आचार नियमांतून (ऑगस्ट 2023 मध्ये आलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली). त्यातला नियम 7.14 रुग्णाची गुपितं उघड करायला मनाई करतो आणि तिथेच तीन अपवाद देतो: न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. म्हणजे वकिलाचं कवच न्यायाधीशासमोरही टिकतं, डॉक्टरचं बंधन न्यायाधीशाच्या आदेशाने सुटतं. सगळा घोळ इथेच आहे.

घोळ दोन्हीकडून महागात पडतो. कोणी डॉक्टर साक्षीच्या पिंजऱ्यात ‘सांगणार नाही’ म्हणून अडून बसतो. त्याहून जास्त जण उलट टोकाला जातात: कोर्टाचा विषय निघाला की फाईलच काढून देतात. विरुद्ध पक्षाच्या वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. विमा कंपनीचं पत्रही नव्हे. त्यासोबत रुग्णाची लेखी संमती लागते. नवऱ्याने काउंटरवर येऊन मागितलं तर मुळीच नाही. पोलिसांनी तोंडी मागितलं तर नम्रपणे लेखी मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 94 खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढू शकतो. मागितलेल्या पानांच्याच साक्षांकित प्रती द्या, पोच घ्या. पिंजऱ्यात प्रश्न आला तर ‘ही माहिती गोपनीय आहे, न्यायालयाने आदेश दिल्यास सांगतो’ एवढं म्हणा आणि ते नोंदवून घ्यायला सांगा. आदेश झाला की उत्तर द्या. नियम तेवढंच मागतो.

काही नोंदींना मात्र जादा कुलूप आहे. एचआयव्ही कायदा, 2017 च्या कलम 8 नुसार कोर्टालाही आधी ‘न्यायासाठी हे आवश्यक आहे’ असं ठरवावं लागतं. मानसिक आजारासाठी 2017 च्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 23 बघा. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव फोडलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवावंच लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालानुसार, गर्भपातापुरतं, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीतून तिचं नाव वगळता येतं.

आणि दवाखान्याच्या भिंतीवरची ती ‘हिपा’ची पाटी काढा. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा तो कायदा अमेरिकेचा आहे, 1996 चा.