घुमणारा हॉल आणि सोलापुरी चादर

टीव्ही मोठा झाला, चित्र स्वच्छ झालं आणि संवाद मात्र कळेनासे झाले, ही तक्रार सोलापुरात घरोघरी ऐकू येते. मारामारी सुरू झाली की आवाज कमी करायचा, पात्रं बोलायला लागली की वाढवायचा. रिमोट हातातून सुटत नाही. शेवटी घरातलं कुणीतरी नवी पेठेत जाऊन जास्त वॉटचा साउंडबार नाहीतर उंच टॉवर स्पीकर घेऊन येतं. पंधरा-वीस हजार रुपये जातात, आवाज मोठा होतो, संवाद होते तितकेच अस्पष्ट राहतात. याचं कारण बहुतेक वेळा यंत्रात नसतं, खोलीत असतं. आणि खोली सुधारायला लागणारं सामान तर याच शहरातल्या मागांवर विणलं जातं.

आपल्याकडचा साधारण हॉल डोळ्यांसमोर आणा. १० बाय १२ फूट, उंची १० फूट. खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टर आणि त्यावर ऑइल पेंट. उन्हाळ्याचा आणि धुळीचा विचार केला तर हे बांधकाम शहाणपणाचंच आहे. आवाजासाठी मात्र ते कठीण. फरशीवर किंवा प्लास्टरवर आदळलेल्या आवाजातला जेमतेम एक ते तीन टक्के भाग शोषला जातो, बाकी सगळा परत फिरतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे अशा खोलीत तो एका सेकंदात शंभरच्या आसपास वेळा इकडून तिकडे जातो. पात्रानं एक अक्षर उच्चारलं की त्याचे शेकडो पडसाद खोलीत फिरत राहतात आणि तेवढ्यात पुढची चार-पाच अक्षरं येऊन थडकतात.

बोलण्यातले स्वर जोरकस असतात. स, श, फ, ट यांसारखी व्यंजनं त्यांच्या मानानं फार दुबळी, आणि त्यांची बरीचशी ऊर्जा २००० हर्ट्झच्या (सेकंदाला २००० कंपनांच्या) वरच्या पट्ट्यात असते. आधीच्या स्वराची शेपटी लांबली की ती नेमकी पुढच्या व्यंजनावर पडते आणि व्यंजन बुडतं. शब्द ओळखायला तर व्यंजनंच लागतात. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण शब्द जेवढा मोठा होतो तेवढाच त्याचा घुमाराही मोठा होतो. दोघांचं प्रमाण जिथल्या तिथे राहतं.

हा प्रश्न पहिल्यांदा मोजून सोडवला तो वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की विद्यार्थ्यांना व्याख्यान कळत नसे. १८९५ साली त्याच्यावर काम सोपवण्यात आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनच्या नळीचा एक सूर वाजवायचा आणि सूर बंद केल्यावर तो किती वेळ ऐकू येतो ते मोजायचा. मोजायचं साधन म्हणजे घड्याळ आणि स्वतःचे कान. रिकाम्या सभागृहात सूर साडेपाच सेकंद रेंगाळायचा. गादी वाढत गेली तसा वेळ घटत गेला आणि सगळ्या गाद्या मांडल्यावर तो सव्वा सेकंदाच्या आसपास आला. यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तो, यांची बेरीज). उत्तर येतं सेकंदांत. आवाज ६० डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) खाली यायला तेवढा वेळ लागतो, आणि हाच घुमाऱ्याचा वेळ. मला हे सूत्र फार आवडतं, कारण ते बांधकामाइतकंच घरातल्या गाद्या-पडद्यांनाही मोजतं.

ते आपल्या हॉलला लावू. आकारमान ३४ घनमीटर, सहाही पृष्ठभाग मिळून ६३ चौरस मीटर. सगळे २ टक्के शोषणारे धरले तर शोषण सव्वा एकक आणि घुमारा ४ सेकंदांच्या वर. नव्या फ्लॅटच्या रिकाम्या खोलीत हाक मारल्यावर जे ऐकू येतं ते हेच. दिवाण, उशा, दार, खिडकी, दोन-तीन माणसं धरली की शोषण ५ एककांच्या घरात जातं आणि घुमारा सव्वा सेकंदाच्या आत येतो. आता भिंतींवर चुण्या पाडून चार जाड चादरी सोडा. चुण्यांमुळे प्रत्येकीची रुंदी निम्मी झाली तरी एकूण ७ चौरस मीटर भिंत झाकली जाते. बोलण्याच्या पट्ट्यात असं जाड, चुणीदार कापड निम्म्याच्या आसपास आवाज शोषतं, म्हणजे आणखी साडेतीन एककं मिळाली. घुमारा ०.६४ सेकंदावर आला. एकही नवा स्पीकर न घेता संवाद उलगडायला लागतात. घरातल्या बैठकीच्या खोलीत ०.३ ते ०.५ सेकंद असावा असं सहसा मानलं जातं, त्याच्या आपण बरेच जवळ आलो.

चादरच का? तोंडाजवळ कापड धरून त्यातून फुंकर मारून पाहा. जॅकार्ड मागावरची सोलापुरी सुती चादर फुंकर जाऊ देते, पण अडखळत. टर्किश टॉवेलची घडी आणखी थोडी अडवते. हीच चांगल्या शोषकाची खूण आहे. ध्वनिलहर म्हणजे हवेच्या कणांची पुढे-मागे होणारी बारीक हालचाल. ती सुताच्या धाग्यांमधून आणि टॉवेलवर उभ्या राहिलेल्या दोऱ्यांच्या वळशांमधून घासत जाते आणि घर्षणानं उष्णतेत बदलते. रेक्झिनमधून फुंकर जातच नाही, थर्माकोलमधूनही नाही. थर्माकोलमधली हवा बंद कप्प्यांत अडकलेली असते, म्हणून तो आवाज शोषण्याच्या कामाचा नाही. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचं खूळ तर सोडूनच द्या. पातळ कागदी लगद्यानं फारसं काही शोषलं जात नाही, आणि आग लागली तर तो भडकतो. चादरसुद्धा देवघरातल्या समईपासून आणि स्विचबोर्डपासून लांबच हवी.

लटकवायची कशी, यावर निम्मं यश अवलंबून आहे. भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत, कारण पुढे भिंत आहे. हालचाल नाही तिथे घर्षण नाही. भिंतीपासून पाव तरंगलांबी (एका पूर्ण लहरीच्या लांबीचा चौथा भाग) अंतरावर हालचाल सर्वांत जास्त असते. १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर, तिचा पाव भाग साडेआठ सेंटीमीटर. म्हणून पडद्याची दांडी भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घ्यावी आणि चादर ताणून न लावता चुण्या पाडून सोडावी. हलका पडदा सपाट लावला तर ५०० हर्ट्झला तो जेमतेम दहा टक्के शोषतो, जाड कापड चुण्यांसकट लावलं तर पन्नास टक्क्यांच्या जवळ. सपाट चादर खिळ्यांनी ठोकून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे लोक खोटं बोलत नसतात. विणीत दोष राहिलेला सेकंडचा माल या कामाला पूर्ण चालतो. टॉवेलच्या घड्या तीन-चार इंच जाडीच्या लाकडी चौकटीत भरून वर चादर ताणली की शोषण करणारी फळी तयार होते. बाहेरचं कापड फुंकर जाऊ देणारं हवं, एवढंच बघा.

चादरी मोजक्याच असतील तर जागा आरशानं शोधा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा पहिला पडसाद तुमच्या कानात येतो. भिंतीवर खडूनं खूण करा आणि पहिली चादर तिथे लावा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. स्पीकर आणि दिवाण यांच्यामध्ये जमिनीवर सतरंजी हवीच. मग खोलीच्या मधोमध टाळी वाजवा. उघड्या समोरासमोरच्या भिंती असतील तर टाळीमागे ‘टर्र’ असा बारीक आवाज येतो. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची एक फेरी १८ मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला ५६ फेऱ्या. एका भिंतीवर चादर आली की ती टर्र तुटते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यातलं काहीच शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवत नाही. त्याला वजनदार भिंत आणि घट्ट बंद होणारं दार लागतं.

खर्जाचं गणित वेगळं, आणि तिथे चादरीची मात्रा चालत नाही. ५६ हर्ट्झची तरंगलांबी ६ मीटरच्या वर, पाव भाग दीड मीटर. एवढी जाड गादी हॉलमध्ये उभी करणार कोण? शिवाय समोरासमोरच्या भिंतींतलं अंतर निम्म्या तरंगलांबीएवढं झालं की ती लहर खोलीत ठाण मांडते. १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६. आपल्या हॉलची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, त्यामुळे ५६ हर्ट्झ दोन्हीकडून दुप्पट फुगतो. ढोल-ताशाचा प्रसंग आला की एकच एक ‘धुम्म’ घुमतो तो यामुळे. (मे महिन्यात ४२ अंश तापमानाला आवाजाचा वेग ३५७ मीटर होतो आणि हा आकडा ५८-५९ वर सरकतो, पण कानाला तेवढा फरक कळत नाही.) अशा लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी असतो. आपला दिवाण तर कायम भिंतीला टेकलेला. तो फूट-दीड फूट पुढे ओढून बघा. नुसत्या या हालचालीनं खर्ज आटोक्यात येतो.

सबवूफरची, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची, जागा शोधायची युक्ती उलटी आहे. सबवूफर काही वेळापुरता दिवाणावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं ओणवं होऊन फिरा. जिथे प्रत्येक ठोका सारखा आणि नेमका ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. ऐकणारा आणि स्पीकर यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातला आवाजाचा मार्ग तोच राहतो, म्हणून हे जमतं.

आता पैसे खर्च करायचे ते कशावर? वॉटवर नक्की नाही. पीएमपीओचे (खोक्यावर छापलेले, क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारो वॉट ही छापील गंमत आहे, त्याला कुठलंच एकसारखं मापन नाही. आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॉटचा, आकडा विचारा आणि त्याहून आधी स्पीकरची संवेदनशीलता विचारा. ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो. अडीच मीटरवरच्या दिवाणापर्यंत मोकळ्या हवेतसुद्धा ७९ डेसिबल पोचतील, आणि हे घरात पुरेसं मोठं आहे. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटचा करण्यापेक्षा ९० डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणूनच परवडतं. अशा स्पीकरमध्ये गेलेल्या विजेपैकी अर्धा-एक टक्काच आवाज बनते, बाकीची कॉइल तापवते.

कमी पैशांत माझी पसंती जुन्या एव्ही रिसीव्हरला, म्हणजे अनेक स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला. त्यांची किंमत पडते ती चित्रामुळे, कारण नवे व्हिडिओ सिग्नल त्यांच्यातून जात नाहीत. चित्र थेट टीव्हीला जाऊ द्या आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबलनं आवाज रिसीव्हरला द्या. त्या केबलमधून डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज (पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी वेगवेगळा केलेला) व्यवस्थित जातो. घेण्यापूर्वी सगळे चॅनल वाजवून बघा. वायरसाठी महागडं काही नको. दीड चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची घरगुती वायर पाच मीटर अंतराला पुरते. आणि दोनच स्पीकर असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आउटपुट स्टीरिओ करा, नाहीतर सेंटरला, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरला, जाणारे संवाद हरवू शकतात.

तिसरा स्पीकर घ्यायचा तर सेंटरच घ्या, मागचे दोन राहू द्या. ५.१ मध्ये बहुतेक संवाद सेंटरला असतात. तो नसला की आवाज मधून आल्याचा भास फक्त मधोमध बसलेल्याला होतो. कान नेहमी आधी पोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो, त्यामुळे दिवाणाच्या टोकाला बसलेल्याला सगळं जवळच्या स्पीकरमधूनच येतं. घरातले पाचजण एकत्र बसून बघत असतील तर हा फरक सगळ्यांना जाणवेल.

सोलापुरात याला आणखी एक बाजू आहे. ज्यांचं आयुष्य गिरणीत किंवा यंत्रमागावर गेलं अशी वडीलधारी माणसं इथे असंख्य घरांत आहेत. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि वर्षानुवर्षांच्या अशा गोंगाटानं आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. दुबळ्या व्यंजनांचा पट्टाही तोच. आजोबांना आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाहीत. सगळा आवाज वाढवला की बाकीच्यांचे कान दुखतात आणि आजोबांना खर्जच जास्त मिळतो. त्यांच्यासाठी सेंटरची पातळी ३-४ डेसिबलनं वाढवा, नाइट मोड चालू करा म्हणजे धमाके दबतील आणि कुजबुज वर येईल. बारीक स्वरांचं बटण थोडं पुढे न्या. कूलर शक्य असेल तर सिनेमापुरता कमी वेगावर ठेवा, कारण त्याची घरघर नेमकी दुबळी व्यंजनंच झाकते. मग तेलुगू असो, कन्नड असो की मराठी, त्यांना जी भाषा घरची वाटते त्या भाषेतल्या बातम्या लावा, त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा आणि वाक्यं तशीच्या तशी परत म्हणायला सांगा. जी अक्षरं चुकतात ती टिपून ठेवा, एक चादर हलवा आणि पुन्हा विचारा.