अंतराळयानाची कमाल गती (सापेक्षतावाद)

निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किमी. आइनस्टाइनच्या १९०५ च्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान असलेलं यान या वेगाच्या कितीही जवळ जाऊ शकतं पण तो गाठू शकत नाही.

का, यावर मांडणीचा वाद आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'वेगाबरोबर वस्तुमान वाढतं' असं असायचं, रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव ओकुन यांनी १९८९ मध्ये त्यावर जोरदार आक्षेप घेतला. वस्तुमान आहे तेवढंच राहतं, ऊर्जा आणि संवेग मात्र अमर्याद वाढत जातात, ही मांडणी आता जास्त मान्य आहे आणि तीच बरोबर वाटते, कारण गणित दोन्हीकडे सारखंच सुटत असलं तरी पहिल्या भाषेमुळे यानातला माणूस जड होतो असा गैरसमज होतो. यानात बसलेल्याला तसलं काहीच जाणवत नाही.

ही मर्यादा बाहेरून मोजलेल्या वेगाला आहे. यानातलं घड्याळ हळू चालतं, त्यामुळे पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण सतत ठेवून आणि अर्ध्या वाटेपासून तितकाच ब्रेक लावत ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्यानंतरच्या सर्वात जवळच्या ताऱ्याला गेलं तर पृथ्वीवर साधारण ५.९ वर्षं जातील, प्रवाशाची जेमतेम साडेतीन. मधल्या टप्प्यात वेग प्रकाशाच्या ९५ टक्क्यांपर्यंत जाईल.

खरी अडचण इंधनाची. ठरावीक वेगासाठी किती इंधन लागेल ते सांगणारं सापेक्षतेतलं रॉकेट समीकरण सहसा स्विस शास्त्रज्ञ याकोब आकेरेट यांच्या १९४६ च्या कामाशी जोडतात. सगळं इंधन प्रकाश बनवून मागे फेकणारं फोटॉन रॉकेट धरलं (याहून चांगलं रॉकेट असूच शकत नाही) तरी एक टनाचं यान प्रकाशाच्या ९० टक्के वेगाला न्यायचं तर निघताना वजन ४.३६ टन हवं, पोचून थांबायचं तर १९ टन, आणि परत घरी येऊन थांबायचं तर ३६१ टन! रासायनिक इंधनाचा झोत सेकंदाला साडेचार किमीच्या आसपास असतो, म्हणजे त्याचं नावच सोडा.

प्रत्यक्षातला विक्रम सूर्याचा अभ्यास करणाऱ्या नासाच्या पार्कर सोलर प्रोब यानाचा, २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याजवळून ताशी सुमारे ६,९२,००० किमी, तोही सूर्याच्या ओढीमुळे. हा प्रकाशवेगाच्या ०.०६४ टक्के आहे. दिवसभर हाच वेग राहिला तर निव्वळ वेगामुळे घड्याळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमीच मागे पडेल.