फुलदाणी, लाकडाच्या भट्टीतील (बडोदे)

चाकावर किंवा वळ्या रचून हाताने घडवलेले, लाकडाच्या आचेवर भाजलेले फुलांचे मातीचे पात्र. ‘फुलदाणी’ हा शब्द ‘फूल’ आणि फार्सी ‘दान’ यांपासून बनला. पिकदाणी, अत्तरदाणी, गुलाबदाणी हे शब्द त्याच घडणीचे. बडोद्याच्या गुजराती कुंभारांत भट्टीला ‘निभाडो’ म्हणतात, मराठीत ‘आवा’.

निमुळत्या गळ्याच्या पात्रांचा या परिसरातील उगम वादग्रस्त आहे. बडोद्यातील विश्वामित्री नदीच्या पश्चिमेस अकोटा (प्राचीन अंकोट्टक) येथील उत्खननात तांबडी झिलईदार भासणारी भांडी मिळाली. त्यांचा काळ साधारणतः इसवी सनाचे पहिले ते सहावे शतक असा धरला जातो. ही चकाकी काचेच्या लेपाची नव्हे. बारीक मातीचा पातळ थर देऊन घोटल्याने ती येते. अकोट्यात रोमन मद्यकुंभांचे तुकडे व रोमन धाटणीची काशाची मूठही सापडल्याने ही भांडी रोमन वळणाची असावीत, असे आरंभी मानले गेले. तथापि यांतील शिंपणीचे पात्र, म्हणजे बारीक तोंडाचे व बाजूला तोटी असलेले, हा भारतीय घाट आहे, आणि अशा भांड्यांचे अवशेष गुजरातेत विपुल आहेत. त्यामुळे स्थानिक उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. या पात्रांत फुले ठेवीत असत, असे मानण्यास मात्र आधार नाही. लग्नकार्यातील गुलाबदाणीशी त्यांचे नाते अधिक जवळचे दिसते.

बडोद्याच्या फतेपुऱ्यातील कुंभारवाड्याची भांडी साध्या आव्यात सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. एवढ्या तापात माती पक्की होते, पण सच्छिद्र राहते. माठाचा हाच गुण फुलदाणीचा दोष ठरतो : पाणी झिरपते आणि मेजावर ओले वर्तुळ उमटते. त्यावर आतून लेप देणे हा एक उपाय. दुसरा, स्टोनवेअरची (दगडासारखी घट्ट, पाणी न झिरपणारी भांडी देणारी) माती वापरून तिला १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत नेणे. त्यासाठी उष्णतारोधक विटांची भट्टी, उंच धुरांडे आणि बारा तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत न थांबता सरपण घालणारी माणसे लागतात.

या तापात लाकडाची राख ज्वाळेबरोबर उडून भांड्यावर बसते. राखेतील चुना व पोटॅश मातीतील सिलिकेशी मिळून वितळतात आणि काच होते. म्हणून अशा फुलदाणीला ‘समोर’ आणि ‘पाठ’ असते : आगीकडच्या अंगावर हिरवट-पिंगट ओघळ गळ्यावरून खांद्यावर उतरलेले, तर पाठ कोरडी, विटकरी. भट्टीत हवा कमी पडली तर मातीतील लोह करडे-हिरवे होते. ५७३ अंशांना मातीतील गारेचे (क्वार्ट्झचे) रूप पालटून ती फुगते, निवताना आकसते. येथे घाई झाली तर भांडे तडकते. तळाशी दिसणारे वाटोळे डाग खाली ठेवलेल्या मातीच्या गोळ्यांचे असतात. ते नसते, तर वितळलेल्या राखेने भांडे भट्टीतील फळीला चिकटले असते. हे डाग घासून काढणे म्हणजे भट्टीची खूण पुसणे होय.

घडवताना गळा हा कसोटीचा भाग. चाक फिरत असता दोन्ही हातांनी माती आत घेत न्यावी लागते. ती फार ओली असेल तर गळा पिळवटतो. वाळून व भाजून स्टोनवेअरची माती साधारणतः दहा टक्क्यांहून अधिक आटते, म्हणून तोंड आरंभी मोठे ठेवतात.

महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला विद्याशाखेत (स्थापना १९५०) मृत्तिकाकला शिकवली जाते. ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी तेथे सुमारे तीन दशके अध्यापन केले. त्यांची ओळख मुख्यतः स्टोनवेअरमधील कामाने आहे.

दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांत अशा फुलदाणीत निशिगंधाच्या दांड्या शोभतात. अरुंद गळ्यात तीनच दांड्या घालाव्यात. चौथी घातली की देठ दबतात आणि पाणी लवकर नासते.