भाला फेकणारा हात आणि बेसबॉलचं कोपर

नोव्हेंबर 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांशी करार केला. त्याच्या वर्षभर आधीपर्यंत दोघांनी बेसबॉलचा चेंडू हातातही घेतलेला नव्हता. दोघेही भाला फेकायचे. जे. बी. बर्नस्टीन या एजंटने भारतात जोरात चेंडू फेकण्याची स्पर्धा भरवली होती. तिला सुमारे 37,000 जण आले आणि भदोही जिल्ह्यातल्या एका ट्रकचालकाचा डावखुरा मुलगा, रिंकू, ती जिंकला. त्याचा चेंडू ताशी 87 मैल, म्हणजे 140 किलोमीटर वेगाने गेला होता.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. मला ओढ आहे ती पुढच्या चार वर्षांची, कारण माणसाचा हात काय करू शकतो आणि कुठे थांबतो, ते त्या वर्षांत दिसतं.

आपल्याकडे वेगवान गोलंदाज एवढे असताना भालाफेकपटूच का पुढे गेले? क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. केलं तर तो थ्रो ठरतो. बेसबॉलची सगळी ताकद नेमकी त्या मनाई असलेल्या हालचालीत आहे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पाय पुढे टाकतो, आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, आणि शेवटी वाकलेला हात चाबकासारखा सुटतो. त्या क्षणी दंडाचं हाड खांद्यात सेकंदाला 7,000 अंशांच्या आसपास वेगाने फिरत असतं. तो वेग टिकला असता तर हाताने सेकंदात 19 गिरक्या घेतल्या असत्या. भालाफेकीतही हाच क्रम असतो, म्हणून रिंकूच्या शरीराला तो ओळखीचा होता.

पण नुसत्या वेगावर फलंदाज बाद होत नाहीत. पिचरच्या पट्टीपासून फलंदाज जिथे उभा असतो त्या होम प्लेटपर्यंत 18.44 मीटर अंतर असतं. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात ते पावणेदोन मीटरने कमी होतं. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू तिथे सुमारे 0.45 सेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ 1 मीटर खाली ओढणार. बोटांनी चेंडूला उलटी फिरकी दिली, तर हवा त्याला वर उचलून धरते आणि तो साधारण फूटभर कमी खाली येतो. फलंदाजाला वाटतं, चेंडू वर उसळला. हाच मॅग्नस परिणाम. फिरकी उलट दिशेने दिली की तोच परिणाम चेंडूला खाली दाबतो आणि कर्व्हबॉल तयार होतो. चेंडू तोच, हाताची लय तीच, फरक मुख्यतः बोटांच्या पकडीत आणि मनगटाच्या वळणात. क्रिकेटचा स्विंग वेगळा: तिथे शिवण तिरकी धरून एका बाजूची हवा खवळवली जाते.

ही पकड टॉम हाऊस यांनी या मुलांना कॅलिफोर्नियात शिकवली. हाऊस स्वतः रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मधेच उतरणारे पिचर, होते. 8 एप्रिल 1974 रोजी हँक आरनने मारलेला विक्रमी 715 वा होम रन (थेट सीमेपार गेलेला फटका) अटलांटाच्या बुलपेनमध्ये उभ्या असलेल्या हाऊस यांच्याच हातात विसावला होता. सामना सुरू असताना रिलीव्हर ज्या कोपऱ्यात हात गरम करत वाट पाहतात, ते बुलपेन.

सामन्याची सुरुवात करणारा पिचर थकला किंवा अडचणीत आला, की रिलीव्हर येतो. त्याला सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) एक-दोनच टाकायच्या असतात, त्यामुळे तो दम राखून ठेवत नाही. रिंकूसारखा डावखुरा असेल तर त्याला जास्तच मागणी, कारण डावखुऱ्या फलंदाजाला त्याचा चेंडू आपल्याच खांद्यामागून आल्यासारखा दिसतो आणि ओळखायला उशीर होतो.

मुख्य लीगच्या खाली तेव्हा रूकी, शॉर्ट सीझन, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा पायऱ्या होत्या. रिंकू सर्वांत खालच्या पायरीवर, फ्लोरिडातल्या ब्रेडन्टन गावी उतरला. बेसबॉलमध्ये प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर लागतो; 13 जुलै 2009 रोजी एका सामन्याचा विजय त्याच्या नावावर लागला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलमध्ये विजय मिळवणारा तो पहिला भारतीय. त्या हंगामात नऊ इनिंगमागे त्याने सरासरी 5.84 रन दिले, म्हणजे मार खाल्लाच. पण शेवटच्या सहा सामन्यांत मिळून दोनच. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज, मग वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्सटन, आणि अमेरिकेत थंडी असताना ऑस्ट्रेलियात कॅनबेरा कॅव्हलरी. 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल-ए संघाकडून त्याने 39 सामन्यांत 72 इनिंग टाकल्या, 65 फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि सरासरी 3.00 वर आणली. लहानपणापासून बेसबॉल खेळलेल्या मुलांसमोर, चौथ्या हंगामात! मला हा आकडा त्या 87 मैलांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि मग कोपर. दंडाचं हाड आणि हाताचं आतल्या बाजूचं हाड यांना कोपराच्या आतून बांधणारा एक लिगामेंट असतो, अल्नर कोलॅटरल लिगामेंट. हात मागे पूर्ण ताणलेला असताना चेंडू मागेच राहू पाहतो आणि खांदा पुढे निघालेला असतो. त्या झटक्यात कोपरावर सुमारे 64 न्यूटन-मीटरचं पिळवटणारं बल येतं. कोपरापासून फूटभर अंतरावर 21 किलोचं ओझं आडवं लटकवावं, तसं. प्रयोगशाळेत मृतदेहांच्या कोपरावर घेतलेल्या चाचण्यांत हा लिगामेंट साधारण निम्म्या बलालाच तुटला. म्हणजे जिवंत पिचरच्या हातात उरलेला भार स्नायू आणि हाडांची खोबण उचलतात. स्नायू थकले की तो भार लिगामेंटकडे सरकतो. व्यायामाने स्नायू भराभर वाढतात, पण लिगामेंटला रक्तपुरवठा कमी. तो त्या गतीने बळकट होत नाही. हात जितका वेगवान होत जातो, तितकं हे अंतर वाढत जातं. आणि लिगामेंट तुटण्याची ही दुखापत वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा नोंदली गेली ती 1946 मध्ये, भालाफेकपटूंच्या कोपरात.

1974 पर्यंत तो लिगामेंट तुटला की कारकीर्द संपायची. त्या वर्षी 25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाजवळचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून त्याच्या कोपरात ओवला. हाडांना भोकं पाडून, खाट विणावी तसा. तो टेंडन आपणही पाहू शकतो: अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध जी दोरी उठून दिसते, ती. काही लोकांत ती जन्मतःच नसते आणि त्यांची पकड त्यामुळे फारशी दुबळी नसते, म्हणून ती काढून घेणं परवडतं. कोपरात बसवलेल्या टेंडनमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी बदलतात आणि महिन्या-महिन्यांनी तो लिगामेंटसारखा होत जातो. मैदानावर परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जॉन 1976 मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले.

रिंकूसाठी वेस्ट व्हर्जिनियानंतरची पायरी होती हाय-ए. पायरेट्सचा तो संघ होता ब्रेडन्टनमध्ये, जिथून त्याने सुरुवात केली त्याच गावात. 2013 चा हंगाम मात्र हाताच्या दुखापतीने पूर्ण गेला आणि हीच शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा तो पंचविशीत पोचला होता. सराव, व्यायाम, पुन्हा दुखणं, पुन्हा विश्रांती यांत पुढचे हंगामही गेले आणि सिंगल-ए हीच त्याची सर्वांत वरची पायरी राहिली. 2018 मध्ये त्याने कुस्तीच्या रिंगणासाठी डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला.