टकर, विल्सन

टकर, आर्थर विल्सन : (२३ नोव्हेंबर १९१४ – ६ ऑक्टोबर २००६). अमेरिकन विज्ञानकथालेखक, रहस्यकथाकार आणि विज्ञानकथाचाहत्यांच्या चळवळीतील आद्य कार्यकर्ते. जन्म इलिनॉय राज्यातील डिअर क्रीक येथे. आयुष्याचा मोठा काळ त्याच राज्यातील ब्लूमिंग्टन परिसरात गेला. चरितार्थासाठी ते चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवीत. चाहत्यांमध्ये ते ‘बॉब टकर’ म्हणून ओळखले जात, तर कादंबऱ्यांवर ‘विल्सन टकर’ असे नाव असे. ग्रंथसूचींत या दोन नावांची गल्लत होते, म्हणून हा खुलासा.

विज्ञानकथांची मासिके त्या काळी वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापत. त्यामुळे वाचक परस्परांशी थेट पत्रव्यवहार करू लागले आणि त्यातूनच चाहत्यांची मंडळे उभी राहिली. टकर यांचे नाव प्रथम झाले ते ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’च्या पत्रसदरात. मासिकाची पाने तारेच्या पिनांनी टाचण्याला विरोध करणारी एक लुटुपुटुची संस्था त्यांनी जाहीर केली. डोनल्ड वॉलहाइम या चाहत्याच्या न्यूयॉर्कमधील गटाने लगेच पिनांच्या रक्षणासाठी दुसरी संस्था काढली. ही गंमत ऐन भरात असताना, १९३६ च्या सुमारास, टकर निवर्तल्याचे खोटे पत्र त्याच सदरात छापले गेले. १९३८ पासून त्यांनी ‘ल झाँबी’ हे चाहतापत्र (फॅनझिन) चालवले. चाहतापत्र म्हणजे हौसेने, पदरमोड करून काढलेले आणि मित्रमंडळींना टपालाने धाडलेले अनियतकालिक.

‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा : ही संज्ञा ‘ल झाँबी’च्या जानेवारी १९४१ च्या अंकात टकर यांनी प्रथम वापरली, असे बहुतेक कोशकार मानतात. तिच्या अर्थाबाबत मात्र बराच गोंधळ आहे. ‘ऑपेरा’ या शब्दामुळे संगीतनाट्याची भव्यता सुचवली आहे असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. काउबॉयच्या ठरीव चित्रपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ आणि साबणकंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या रडक्या नभोवाणी-मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणण्याची रीत तेव्हा पडली होती. त्याच धर्तीवर, अंतराळयानांच्या घासून गुळगुळीत झालेल्या कथांना टकर यांनी हे नाव सुचवले. म्हणजे ते मुळात हेटाळणीचे होते. त्यांचा रोख कोणावर होता, हा वादाचा मुद्दा आहे. ई. ई. स्मिथ, एडमंड हॅमिल्टन आदींच्या १९२०–४० च्या दरम्यानच्या आकाशगंगाव्यापी साहसकथांवर तो होता, असे पुढे गृहीत धरले गेले. पण मूळ मजकूर पाहता आक्षेप पाट्याटाकू लेखनावर आहे, विषयाच्या विस्तारावर नाही. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश विज्ञानकथालेखक ब्रायन ऑल्डिस यांनी १९७४ मध्ये याच नावाचा कथासंग्रह संपादित केला, त्यात या प्रकाराविषयीची आपुलकी स्पष्ट दिसते. त्यानंतर ही संज्ञा हळूहळू गौरवाची होत गेली. आज पुस्तकांच्या जाहिरातींत ती अभिमानाने मिरवते.

चाहत्यांची व मित्रांची खरी नावे कथेतील दुय्यम पात्रांना देण्याची टकर यांना आवड होती. या प्रघाताला ‘टकरायझेशन’ म्हणतात. त्याची सुरुवात सामान्यतः त्यांच्या ‘द चायनीज डॉल’ (१९४६) या पहिल्या कादंबरीपासून धरतात. ती रहस्यकथा आहे. पण स्नेह्यांना कथेत ओढण्याचा खेळ त्याआधीही चाले. भयकथालेखक रॉबर्ट ब्लॉक यांनी १९३५ मध्ये आपले लेखकमित्र एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्यासारखे पात्र रंगवून कथेत त्याचा बळी दिला आणि लव्हक्राफ्ट यांनी आपल्या कथेत ब्लॉकवर बेतलेल्या ‘रॉबर्ट ब्लेक’ला मारून परतफेड केली. तेव्हा टकर यांच्याकडे जनकत्वापेक्षा प्रघात रुळवण्याचे श्रेय जाते.

त्यांची पहिली विज्ञानकथा १९४१ मध्ये फ्रेडरिक पोल यांच्या संपादनाखालील मासिकात आली. कादंबऱ्यांपैकी तीन महत्त्वाच्या. ‘द लाँग लाउड सायलेन्स’ (१९५२) मध्ये अणुबाँब व रोगजंतूंच्या हल्ल्यानंतर मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील अमेरिका तोडून टाकली जाते आणि एक सैनिक त्या भागात अडकतो. त्याचे वागणे उत्तरोत्तर निष्ठुर होत जाते; लेखक त्याची कुठेही भलामण करत नाही. ‘द लिंकन हंटर्स’ (१९५८) चे बीज लेखकाच्या अगदी अंगणातले आहे. २९ मे १८५६ रोजी अब्राहम लिंकन यांनी ब्लूमिंग्टन येथे गुलामगिरीविरोधी भाषण केले. ऐकताना बातमीदार लिहायचे विसरले अशी आख्यायिका आहे. शब्दशः नोंद उरली नाही, म्हणून ते ‘हरवलेले भाषण’ ठरले. ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी सव्विसाव्या शतकातील माणसे काळयानातून त्या गावी येतात. विश्व वाचवण्याचा आव नाही, हवे आहे ते एक भाषण. ‘स्पेस ऑपेरा’वरील आपल्याच १९४१ च्या टीकेला टकर यांनी दिलेले हे उत्तर म्हणता येईल. ‘द यिअर ऑफ द क्वाएट सन’ (१९७०) मध्ये कालप्रवासी नजीकच्या भविष्यातील वांशिक यादवी पाहतात. या कादंबरीला १९७६ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर सहा वर्षांनी, जॉन डब्ल्यू. कॅम्बेल स्मृतिपुरस्कार खास बाब म्हणून देण्यात आला.

१९७० मध्ये त्यांना चाहतालेखनाचा ह्यूगो हा विज्ञानकथाक्षेत्रातील पुरस्कार मिळाला. १९४८ च्या टोराँटो व १९६७ च्या न्यूयॉर्क जागतिक विज्ञानकथा संमेलनांत ते सन्माननीय पाहुणे होते. अखेरची कादंबरी ‘रेझरेक्शन डेज’ (१९८१). फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.