घाट उतरताना उकळणारं सव्वा लिटर पाणी

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, पालथा पडशील." सायकल शिकताना हे ऐकलं नाही, असा माणूस साताऱ्यात तरी मला अजून भेटलेला नाही. मी ते इतकं मनावर घेतलं होतं, की सेकंडहँड घेतलेली डिस्क ब्रेकवाली माउंटन बाइक पहिल्यांदा कासहून खाली आणताना जवळजवळ सगळा घाट मागच्या ब्रेकवर काढला. यवतेश्वर मागे पडलं आणि जळका वास यायला लागला. आणखी दोन वळणांनी लिव्हर हँडलला टेकला. ब्रेक नाहीच! कडेच्या मुरमात सायकल घातली आणि गुडघा सोलून का होईना, थांबलो.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातल्या मामांनी मागची चकती बोटानं दाखवली. चकचकीत पोलादावर निळसर-तपकिरी पट्टे उमटले होते. "ब्रेक दाबून ठेवायचा नसतो ओ," ते म्हणाले, "दाबायचा आन् सोडायचा. आणि ह्यातलं तेल कधी बदललंय, काय पत्ता हाय का?" नव्हता.

घरी येऊन हिशेब मांडला. मी आणि सायकल मिळून ८५ किलो, आणि उतार धरू ५०० मीटरचा. एवढं वजन एवढं खाली आलं की सुमारे ४ लाख १६ हजार जूल ऊर्जा मोकळी होते. २५ अंशांचं सव्वा लिटर पाणी उकळायला ती पुरते. म्हणजे घरातल्या सगळ्यांचा चहा होऊन वर पाहुण्यांचाही व्हावा. चढताना हीच ऊर्जा मी घाम गाळून, धापा टाकत साठवली होती. उतरताना ती कुठेतरी जायलाच हवी. वेग वाढला तर काही हवा खाते, थोडी टायरमध्ये जिरते. आपण हळू उतरलो, की बाकीची सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. आणि ब्रेकची चकती असते जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमची! मिळालेली उष्णता तिला हवेत सोडता आली नसती, तर ती लाल होऊन वितळूनच गेली असती. म्हणून मामांचं 'दाबायचा आन् सोडायचा'. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग मारायचा, मग सोडून द्यायचं. सोडल्यावर वेग वाढतो, पण तेवढ्या वेळात चकतीला वारा लागतो, आणि वाढलेल्या वेगामुळे हवाही आपला वाटा जास्त उचलते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

गंमत म्हणजे माउंटन बाइकचा जन्मच या उष्णतेतून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं १९३०-४०च्या दशकांतल्या जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं सुसाट खाली यायची. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये ब्रेक असायचा. पायडल उलटं दाबलं की लागणारा. सुमारे ४०० मीटर उताराच्या त्या वाटेवर हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं. खाली आलं की हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या वाटेचं नाव पडलं रिपॅक. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली शर्यत झाली. पुढे त्याच पोरांतल्या गॅरी फिशरनं ती वाट ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरून विक्रम केला, आणि त्याच टोळीतल्या जो ब्रीझनं १९७७मध्ये अशा उतारांसाठी मुद्दाम नवी फ्रेम घडवली. माउंटन बाइक १९९६मध्ये ऑलिंपिकला पोचली.

हबनंतर रिमवर घासणारे रबरी ब्रेक आले. आपल्या पावसात त्यांची दैना. जांभ्याचा लाल चिखल रिमला लागला, की ब्रेक दाबणं म्हणजे रिमला पॉलिश पेपर मारणं. डिस्कमध्ये चकती चिखलापासून वर राहते, आणि बोटांचा जोर तेलातून पुढे जातो. लिव्हरजवळचा पिस्टन लहान, चाकाजवळचे मोठे. दाब सगळीकडे सारखा, म्हणून मोठ्या पिस्टनवर जोर जास्त पडतो. पास्कलचा नियम शाळेत पाठ केला होता, तो मला एका बोटानं सायकल थांबवताना पहिल्यांदा नीट कळला.

पण हे सगळं जमतं, कारण द्रव दाबला तरी आकसत नाही. त्यात वाफ झाली की खेळ संपला. आपण फक्त बुडबुडे दाबत बसतो. काही ब्रेकमध्ये डॉट प्रकारचं तेल असतं, ते हवेतला दमटपणा शोषतं. डॉट ४ तेल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर मात्र ती मर्यादा १५५पर्यंत उतरते. दुसऱ्या प्रकारात मिनरल ऑइल असतं. ते पाणी शोषत नाही, पण आत शिरलेला थेंब चाकाजवळच्या सखल भागात जाऊन बसतो आणि शंभरलाच उकळतो. साताऱ्याचा पावसाळा बघता, कोणतंही तेल असो, वर्षातून एकदा बदलून घ्यावं असं माझं मत.

आता तो पुढचा ब्रेक. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक रस्त्याला धरणार कसं? ते घसरतं. सपाट, कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक मागच्याच्या जवळपास दुप्पट जोरात थांबवतो. पालथं पडण्याची भीती खोटी नाही. उंच सीटवर बसून तो एकदम जोरात दाबला तर पडू शकता. म्हणून तर आजच्या माउंटन बाइकचा पुढचा फोर्क जास्त कललेला, दोन चाकांमधलं अंतर लांब, आणि बऱ्याच सायकलींत बटण दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते. वजन खाली आणि मागे नेलं की पालथं होणं अवघड. सुट्या मुरमावर मात्र पुढचा ब्रेक हलक्या हातानंच. तिथे चाक उलटत नाही, निसटतं.

पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या 'डबल शॉकअप' सायकलींबद्दलही बोलायलाच हवं. स्प्रिंग ऊर्जा घेते आणि तशीच परत देते; बारीक छिद्रांतून तेल ढकलणारा डॅम्पर तिची उष्णता करून टाकतो. स्वस्त सायकलींत नुसती स्प्रिंगच असते. तिच्यावर दगडांतून उतरणं म्हणजे बेडकाच्या पाठीवर बसणं. त्यापेक्षा टायरमधली हवा कमी करा. मागच्या चाकावर ४५ किलो, म्हणजे साधारण १०० पौंड भार असेल, तर हवेचा दाब चौरस इंचाला ५० पौंड असताना टायर साधारण दोन चौरस इंच टेकतो, २५ पौंड असताना चार. फुकटची पकड.

उताराची ऊर्जा किती असते, ते २०१५मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या डाउनहिल विश्वचषक शर्यतीत दिसलं. ॲरन ग्विन या स्पर्धकाची चेन सुरुवातीलाच तुटली. पायडल मारायची सोयच उरली नाही, आणि तरीही तो जिंकला! त्यानं वेग कमावला नाही, होता तो उधळला नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात पुन्हा कासहून उतरलो. डांबरीवरूनच, सड्यावर, म्हणजे पठाराच्या कातळावर चाक घालायचं नाही, तिथली बोटभर माती फुलांची आहे. समर्थ मंदिराशी थांबून बाटलीतला एकेक थेंब दोन्ही चकत्यांवर सोडला. मागची गप्प बसली. पुढची चुर्रर्र बोलली.