कंपू (रिअ‍ॅलिटी शोमधील)

कंपू : स्पर्धात्मक रिअ‍ॅलिटी शोमध्ये, विशेषतः एका घरात कोंडून राहणाऱ्या स्पर्धकांमध्ये, एकमेकांना बाद होण्यापासून वाचवण्यासाठी जमणारा छोटा गट. साहित्य, नाटक आणि राजकारण यांतील गटबाजीला हा शब्द मराठीत आधीपासून लागत होता; दूरचित्रवाणीवर तो तिथूनच आला. गोव्यातला मराठी माणूस तो बहुधा हिणवूनच वापरतो. कोंकणीतल्या ‘पंगड’ला तसा डाग नाही, खेळाडूंचा, नाचणाऱ्यांचा, कोणाचाही पंगड असतो. ‘त्यांचा कंपू आहे’ म्हटले, की मात्र निकाल आधीच ठरल्याचा वास येतो.

व्युत्पत्ती : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्यात कंपू म्हणजे युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालची कवायती फौज. महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या डी बॉयन याने उभारलेले कंपू त्यांत विशेष गाजले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आजही आहे. शब्दाच्या मुळाविषयी दोन मते आहेत. एक मत तो इंग्रजी ‘कँप’वरून आल्याचे मानते, दुसरे पोर्तुगीज ‘कांपो’वरून, म्हणजे मैदान किंवा छावणी या अर्थाच्या शब्दावरून. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात दोन्ही शक्यता नोंदवल्या आहेत, पण कल पोर्तुगीजकडे आहे. इंग्रजी मुळाच्या बाजूने काळ बोलतो : शब्द रूढ झाला तेव्हा उत्तरेत इंग्रजांचा वावर वाढला होता. अडचण शेवटच्या ‘ऊ’ची आहे. इंग्रजी शब्दात तो नाही, आणि इंग्रजीतून खात्रीने आलेला शब्द मराठीत ‘कँप’ असाच राहिला; पुण्याचा कँप हे त्याचे उदाहरण. डी बॉयनच्या ओळखीच्या फ्रेंचमध्येही हा स्वर नाही. पोर्तुगीजमध्ये मात्र शब्दाच्या शेवटचा ‘ओ’ बोलताना ‘उ’सारखा होतो. ‘ताबाको’चा तंबाखू झाला तो याच वाटेने, असे मानणे सयुक्तिक ठरते. पगार, तुरुंग, घमेले, चावी हे शब्द मराठीने याच भाषेकडून घेतले, तेव्हा एक लष्करी शब्द आला यात नवल नाही. पणजीच्या ‘कांपाल’ या भागाच्या नावाचे नातेही याच कुळाशी असावे. योगायोग असा, की नाटकवाल्यांच्या कंपूंची चर्चा जिथे सर्वांत जास्त होते ती कला अकादमी कांपालातच उभी आहे.

दूरचित्रवाणीवरील उगम : स्पर्धकांनीच स्पर्धकाला काढायचे ही कल्पना प्रथम कोणाची, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. स्वीडनमध्ये १९९७ साली निर्जन बेटावरचा ‘एक्स्पिडिशन रॉबिन्सन’ सुरू झाला. नेदरलँड्समध्ये १९९९ साली बंद घरातला ‘बिग ब्रदर’ आला. पहिल्या कल्पनेच्या हक्कधारकांनी दुसऱ्यावर नकलेचा दावा लावला. डच सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कार्यक्रमाच्या आराखड्याला स्वामित्वहक्क असू शकतो हे मान्य केले, पण नक्कल झाल्याचे मानले नाही. कंपूचा इतिहास मात्र बेटाकडूनच सुरू करणे अधिक योग्य. ‘एक्स्पिडिशन रॉबिन्सन’ची अमेरिकी आवृत्ती असलेल्या ‘सर्व्हायव्हर’च्या २००० सालच्या पहिल्या पर्वात रिचर्ड हॅच याने चौघांची मोट बांधली, मते ठरवून टाकली आणि स्पर्धा जिंकली. तोवर अनेक प्रेक्षकांना हे लबाडीचे वाटत होते. त्यानंतर तो खेळाचा भाग झाला.

स्वरूप : कंपू स्वभावातून जमतो असे बघणाऱ्याला वाटते, पण त्याला जन्म देतो तो नियम. समजा घरात बारा जण आहेत आणि प्रत्येकाने दोघांना नॉमिनेट करायचे, म्हणजे बाद होण्यासाठी त्यांची नावे द्यायची आहेत. एकूण चोवीस मते होतात. पाच जणांनी स्वयंपाकघरात कांदा चिरताना दोन नावे ठरवली, तर त्या दोघांच्या नावावर पाच-पाच मते बसतात. उरलेल्या सातांची चौदा मते मनाला येईल तशी विखुरतात. पाच जण अशा रीतीने सातांना भारी पडतात. ‘बिग ब्रदर’च्या भारतीय आवृत्तीत, म्हणजे ‘बिग बॉस’मध्ये, याला एक मर्यादा आहे. अमेरिकी ‘बिग ब्रदर’मध्ये २००१ पासून घरातलेच कोणाला काढायचे ते ठरवतात, तर इथे शेवटचा कौल सहसा प्रेक्षकांचा असतो. कंपू माणसाला दारापर्यंत नेऊ शकतो, बाहेर ढकलू शकत नाही. उलट पाचांनी घेरलेला एकटा माणूस प्रेक्षकांच्या मनात भरतो, आणि कंपूने आपल्याच हाताने त्याला मते मिळवून दिलेली असतात. कॅप्टनपदासाठी कंपू फुटतो तोही इथेच, कारण सुरक्षित राहण्याची जागा एक आणि हक्क सांगणारे पाच.

मराठी ‘बिग बॉस’ एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाले. पहिल्या चार पर्वांचे सूत्रसंचालन महेश मांजरेकर यांनी केले. मेघा धाडे, शिव ठाकरे, विशाल निकम आणि अक्षय केळकर हे त्यांचे विजेते. २०२४ च्या पाचव्या पर्वात गट इतके उघड होते, की ‘ए टीम’ आणि ‘बी टीम’ ही नावेच पडली. जिंकला सूरज चव्हाण, ज्याला दोन्हींपैकी कोणाचा म्होरक्या म्हणता येणार नाही.

गोव्यात : गोव्याच्या जुन्या गावकरीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, माणसाचा गट त्याच्या वांगडाने, म्हणजे कुळाच्या शाखेने, जन्मतःच ठरे, निवडण्याचा प्रश्न नव्हता. कला अकादमीच्या भजन आणि नाट्यस्पर्धांनाही पथक बहुधा गावातूनच तयार होऊन येते : पेटीवाला, पखवाजी आणि टाळकरी एकाच देवळाच्या चौकात वाढलेले. अनोळखी माणसांनी आठवडाभरात कंपू करणे हा प्रकार इथल्या स्पर्धेला परका आहे. इथे भांडण होते ते पथकापथकांत, आणि तेही निकाल लागल्यावर, परीक्षकांच्या नावाने.

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आल्यावर अनेक मराठी मालिका गोव्यात आल्या. ‘सूर नवा ध्यास नवा’ या गायनस्पर्धेचे चित्रीकरण मडगावच्या रवींद्र भवनात होत होते. कोरोनाचे रुग्ण वाढत असताना त्याला स्थानिक विरोध झाला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला गोवा मनोरंजन सोसायटीने चित्रीकरणाचे परवाने रद्द केले. गायनस्पर्धेत स्पर्धक एकमेकांना बाद करत नाहीत. गुण परीक्षक देतात. त्यामुळे तिथे कंपू जमला तरी त्याला करायला काम उरत नाही. तो फार तर सहगायनाच्या फेरीत जोडीदार निवडताना दिसतो.